टर्नपाइकमधला ‘पाइक’ आपला नाही

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या न्यू जर्सी टर्नपाइक या टोलच्या हायवेच्या नावातलं ‘पाइक’ म्हणजे आपला ‘पाईक’च ना, टोलनाक्यावर उभा असलेला शिपाई? नाही हो, अजिबात नाही! हे फॉरवर्ड सारखं फिरत असतं आणि चांगली शिकलेली माणसं त्याला माना डोलवतात, वैताग येतो. आपला पाईक पायाशी नातं सांगणारा, प्राकृत पाइक्कवरून आलेला. इंग्रजी पाइक म्हणजे भाला. रस्त्यावर आडवा टाकलेला टोकदार अडसर, आधी घोडेस्वार अडवायला आणि मग टोल वसूल करायला, पैसे दिले की फिरवून वाट मोकळी करायची म्हणून टर्न. रस्त्याच्या वळणांचा काही संबंध नाही. पुढे नाक्याचं नाव अख्ख्या रस्त्याला चिकटलं.

पण खरा मस्त शब्द याच रस्त्यांवर जन्मला, स्टोगी, म्हणजे स्वस्तातला लांब सिगार. पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा ६२ मैलांचा दगड-खडीचा टर्नपाइक १७९० च्या दशकात झाला. त्याच भागातल्या कनेस्टोगा खोऱ्यावरून तिथल्या घोडे जुंपलेल्या अवजड मालवाहू गाड्यांना कनेस्टोगा म्हणायचे, तळ मधे खोलगट, म्हणजे घाटात चढउताराला माल घरंगळत नाही. मग १८११ मध्ये मेरीलँडमधल्या कंबरलंडहून सरकारी नॅशनल रोडचं काम निघालं आणि १८१८ मध्ये रस्ता ओहायो नदीवर व्हीलिंगला पोचला. तोवर मधल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडच्या शेतकऱ्याला घोड्याच्या पाठीवरून धान्य पाठवणं परवडायचंच नाही, म्हणून तो त्याची व्हिस्की करून विकायचा. आता पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस गाड्या भरभरून पूर्वेला जायला लागलं, परतीला कापड आणि लोखंडी सामान, आणि त्याच रस्त्याने नवी बिऱ्हाडं पश्चिमेला. गाडीवान रात्री सराईत शेकोटीकडे पाय करून जमिनीवरच झोपायचे. हे गाडीवान ओढायचे तो सिगार, कनेस्टोगाचं झालं स्टोगी!

काही जण ठासून सांगतात की सिगार गाडीच्या चाकाच्या आऱ्याएवढा लांब म्हणून हे नाव पडलं. मला हे साफ नामंजूर आहे, कारण जाड ओबडधोबड बुटांनाही स्टोगीच म्हणायचे, आणि बूट काय आऱ्यासारखे असतात का? नाव गाडीवानांवरूनच आलं, सिगारलाही आणि बुटांनाही.

अजून एक, टोल चुकवायला लोकांनी पाडलेल्या आडवाटेला शनपाइक म्हणायचे, शन म्हणजे टाळणं. टोलचा हायवे सोडून गावातल्या रस्त्याने जाण्याला तिकडे आजही शनपाइकिंग म्हणतात.