घाई झाली का, हा प्रश्न छळतो तेव्हा

ताई, आजारी कुत्र्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडून इंजेक्शनने शांत मरण दिलंत, तेव्हा ‘अजून एक दिवस थांबायला हवं होतं’ हे आता मनात घोळणारच. त्याचं उत्तर अंदाजाने नको, कागदावरून शोधा. डॉक्टरांकडून केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट मागून घ्या. मग समोर बसून विचारा: निदान काय होतं, उपचारांनी किती दिवस मिळाले असते, ते वेदनेचे असते का?

प्लीहेची (पोटातला रक्त साठवणारा अवयव) गाठ फुटते तेव्हा कुत्रा आदल्या दिवशीपर्यंत नीट जेवत-खेळत असू शकतो. पोटात रक्तस्राव झाला की हिरड्या पांढऱ्याफटक पडतात आणि काही तासांत कोसळतो. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उष्माघाताचंही तसंच. अंगातला ताप 41 अंश सेल्सिअसवर गेला की मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया झपाट्याने बिघडू शकते. आज जी लक्षणं ‘दिसायलाच हवी होती’ वाटतात, ती तेव्हा बहुधा दिसण्यासारखी नव्हतीच.

सगळ्यात जास्त छळतात ते शेवटचे आचके, पायांची थरथर, उघडे डोळे. भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेत गेला की आधी शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. नंतरची हालचाल नुसती स्नायूंची. त्याला काही जाणवत नसतं. डोळे मिटायलाही स्नायूंची ताकद लागते, म्हणून ते उघडे राहतात.

मुलांना ‘झोपवलं’ सांगू नका, ती झोपायला घाबरतात. ‘वारला’ म्हणा, का तेही सांगा. झोप, जेवण दोन आठवड्यांनीही बिघडलेलंच असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.