मफिनवरचा चुरा बुडतो कशाला?

प्रश्न: ताई, मी फोंड्याहून लिहितेय. लिंबू-संत्र्याचे मफिन्स केले, वर मैदा-साखर-बटरचा चुरा घातला पण तो सगळा विरघळून आत गेला, आणि चवही जरा कडवट लागली. दोनदा केले, दोन्ही वेळा तेच. काय चुकतंय?

उत्तर: अगं, बटर मऊ झालं असणार, आपल्या गोव्याच्या गरम हवेत ओट्यावर दहा मिनिटं ठेवलं तरी ते लोण्यासारखं होतं आणि मग चुरा होतच नाही, मळलेल्या पिठासारखा गोळा होतो. ६० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर घे, त्यात फ्रीजमधलं ४० ग्रॅम थंडगार बटर बारीक तुकडे करून फक्त बोटांच्या टोकांनी चोळ, तळहात लावू नको, तो गरम असतो. काही खडे वाटाण्याएवढे राहिले तर उत्तमच, तेच नंतर कुरकुरीत होतात. मग वाटी १५ मिनिटं फ्रीजमध्ये.

मफिनचं मिश्रणही घट्ट हवं, चमच्यावरून थबकत पडणारं. पातळ असेल तर चुरा बुडणारच. ओव्हन आधीच २०० डिग्रीला तापव, मफिन्स आत ठेवल्यावर पाचेक मिनिटांनी १८० वर आण.

कडवटपणा सालीखालच्या पांढऱ्या भागाचा. किसणीवर फळ फिरवत राहा, वरचा रंगीत थरच घे आणि तो साखरेत चोळ, साखर ओलसर होऊन घरभर वास सुटतो, मला तर हीच पायरी सगळ्यात आवडते.

आणि हो, गरम मफिन डब्यात बंद करू नकोस, वाफेने चुरा मऊ पडतो.