कितव्या सेकंदाला?

प्रिय पोरी,

इंग्रजी रॉक गाण्यांवरचे तुझे तिन्ही लेख वाचले. मग गाण्यांची नावं कागदाने झाकली आणि पुन्हा वाचले, तर कुठला लेख कुठल्या गाण्यावर आहे ते ओळखता येईना. ‘माझ्या एकटेपणाला शब्द मिळाले’ तिन्हीकडे आहे. ‘काळजाला भिडणारा आवाज’ही तिन्हीकडे आहे. मन ओतून लिहिलं तरी वाचणाऱ्याला सगळं सारखंच का वाटतं, असं तू विचारलंयस. गिटारचा क्लास लावू, थिअरी शिकू की हा नाद सोडू, असंही विचारलंयस. आत्ता यातलं काहीच करू नकोस. अंगावर काटा आला असं लिहितेस ना, तो कितव्या सेकंदाला आला, एवढंच मला सांग.

‘क्रीप’च घेऊ, कारण त्यावर तू सगळ्यात जास्त लिहिलंयस आणि सगळ्यात कमी सांगितलंयस. रेडिओहेड या बँडचं हे गाणं १९९२ चं. मोबाइलवर स्टॉपवॉच लाव आणि पायाने ठेका धर. १५ सेकंदांत साधारण २३ ठोके पडतील, म्हणजे मिनिटाला ९२. आता कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, मोज. चारच आहेत: जी, बी, सी आणि सी मायनर. प्रत्येक कॉर्ड आठ ठोके चालते. म्हणजे ३२ मात्रांचं एक आवर्तन झालं, आणि ते सुमारे २१ सेकंदांत संपतं. पूर्ण गाणं म्हणजे अशी अकराएक आवर्तनं. मधे वेगळी कॉर्ड नाही, वेगळा मुखडा-अंतरा नाही. ध्रुवपदाखालीसुद्धा तेच चार.

आता घरात हार्मोनियम असेल तर पांढरी पाच, म्हणजेच जी, हा सा धर. नसेल तर मोबाइलवर पियानोचं कुठलंही ॲप उघड. प, मग कोमल ध, मग शुद्ध ध, मग पुन्हा कोमल ध, आणि फिरून प. प्रत्येक स्वर आठ ठोके. हीच ओळ त्या चार कॉर्डच्या पोटात दडलेली आहे. जी मधला पंचम बी मध्ये अर्ध्या पायरीने वर सरकतो, सी मध्ये आणखी अर्धी पायरी चढतो, आणि सी मायनर येताच आल्या पावली परत उतरतो. दोन पायऱ्या वर, दोन खाली. गाणं चालू असताना ही ओळ तोंड मिटून गुणगुण. तुझ्या लेखात ‘उभं राहू पाहणारं आणि पुन्हा बसकण मारणारं मन’ असं एक वाक्य आहे. ते वाक्य चांगलं आहे, पण हवेत लटकतंय. त्याच्या पायाशी हा शुद्ध धैवतावरून कोमलावर उतरणारा स्वर ठेव, मग वाचणारा ते वाक्य स्वतःच्या कानाने तपासून बघेल.

पण तेवढ्यावर थांबू नकोस. अशाच कॉर्डांच्या सरकण्यावर १९७४ मध्ये द हॉलीज या बँडचं ‘द एअर दॅट आय ब्रीद’ गाजलं होतं. म्हणून तर त्या गाण्याच्या दोन गीतकारांना, ॲल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांना, ‘क्रीप’च्या श्रेयात जागा मिळाली. मग ‘क्रीप’चं स्वतःचं असं काय? कितव्या सेकंदाला? ५८व्या सेकंदाच्या आसपास. पहिल्या ध्रुवपदाच्या आधीचं कडवं सी मायनरवर येऊन टेकतं आणि गिटारमधून खर्रक, खर्रक असे आडवे तडाखे येतात. त्यात स्वर नाही. डाव्या हाताने तारा नुसत्या दाबून धरायच्या, पूर्ण वाजू द्यायच्या नाहीत, आणि उजव्या हाताने झोडपायचं, तेव्हा असा आवाज येतो. वाजवणारा रेडिओहेडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड. गाणं फारच मवाळ वाटत होतं म्हणून त्याने ते बिघडवायचा प्रयत्न केला, असं बँडमधल्यांनीच सांगितलेलं आहे. तुझा काटा तिथे आला. मी पैज लावतो.

खात्री करायची असेल तर बेल्जियमच्या मुलींच्या कॉयरने (गायकवृंदाने), स्काला अँड कोलाचनी ब्रदर्सने, फक्त पियानोवर गायलेलं ‘क्रीप’ ऐक. शब्द तेच, चाल तीच, ते तडाखे नाहीत. ऐकताना काय उरलं आणि काय गेलं ते लिही. नुसत्या या फरकावर तुझा अख्खा लेख उभा राहील.

आता ऐकायची रीत, कारण तुझी घाई मला तुझ्या वाक्यांत दिसते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून लिहू नकोस. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. तो मूळ स्वर एवढासा स्पीकर काढूच शकत नाही, त्याच्या वरच्या छटा तेवढ्या तुझ्यापर्यंत येतात. साधे वायरचे इअरफोन पुरेत, पण रबरी टोपी कानात घट्ट बसली पाहिजे. ती सैल असेल तर बेस निसटतो आणि तू लिहितेस, ‘गाणं जरा पोकळ आहे’. पोकळ गाणं नाही, टोपी लहान आहे. ‘बेस बूस्ट’, ‘थ्रीडी’ वगैरे जे काही चालू असेल ते बंद कर. एक गाणं चार वेळा ऐकायचं. आवाज मध्यम ठेव आणि चारही वेळा तेवढाच ठेव.

पहिल्यांदा नुसतं ऐक, वही लांब. दुसऱ्यांदा वहीत डावीकडे मिनिट-सेकंद आणि उजवीकडे काय बदललं ते. फक्त बदल लिही: ड्रम आले, गिटार थांबली, आवाज दुहेरी झाला. तिसऱ्यांदा एकच वाद्य धर आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. बहुतेक बेसच धर, कारण तुझ्यासारखे शब्दांवर प्रेम करणारे लोक बेस कधीच ऐकत नाहीत. शब्द चौथ्यांदा. चौथ्यांदाच. इंटरनेटवरच्या गीतांच्या पानांवर चुका असतात, आणि एकदा चुकीचा शब्द डोळ्यांनी वाचला की कान तोच ऐकत बसतो. मग एक रात्र जाऊ दे. सकाळी दात घासताना जो तुकडा तोंडात येईल तो कितव्या सेकंदाचा, ते शोध. लेखाची सुरुवात तिथून.

ठेक्याबद्दल एक. आपला हात समेवर टाळी द्यायला शिकलेला असतो. या संगीतात जड ठोका १ वर पडतो आणि स्नेअरचा, म्हणजे करकरीत वाजणाऱ्या ड्रमचा, फटका २ आणि ४ वर. तू पाय १ वर आपटतेस आणि स्नेअरशी भांडतेस, मग ‘अस्वस्थ करणारा ताल’ असं लिहून मोकळी होतेस. एकदा २ आणि ४ वर टाळी देऊन बघ. अस्वस्थता गाण्यात आहे की तुझ्या टाळीत, ते कळेल.

निर्वाणा या बँडच्या गाण्याला तू ‘शुद्ध संताप’ म्हटलंयस. संताप कितव्या सेकंदाला? ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’मध्ये सुरुवातीचं रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा), कडवं आणि ध्रुवपद तिन्हीकडे त्याच चार कॉर्डांची चाल आहे. कडव्यात गिटार त्या चार कॉर्ड टाकून फक्त दोन स्वरांवर येते. ते दोन स्वर पाण्याखालून आल्यासारखे हलतात, ती कोरस नावाच्या पेडलची, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या यंत्राची, करामत. ती चार कॉर्डांची चाल बेस पुढे नेतो, ड्रमही चालूच राहतात. म्हणजे संताप आहे तो आवाज वाढल्यामुळे नव्हे, आधी काढून घेतल्यामुळे. हा हळू-जोरात प्रकार आपण पिक्सीज या बँडकडून उचलला, हे निर्वाणाच्या कर्ट कोबेनने स्वतः कबूल केलेलं होतं. आणि सोलो नीट ऐक. त्यात बोटांची कसरत नाही, कडव्याची चालच गिटारवर जवळपास स्वरासाठी स्वर वाजवली आहे. तू त्याला ‘बेभान’ म्हटलंयस. तो माणूस भानावर होता म्हणून ते तसं वाजलं.

आता तिसरा लेख, आर.ई.एम. या बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’वरचा. इथे मी चिडलो, खरं सांगतो. दोन परिच्छेद श्रद्धेच्या पडझडीवर! अमेरिकेच्या दक्षिणेत ‘लूझिंग माय रिलिजन’ (शब्दशः ‘माझी श्रद्धा सुटतेय’) हा बोलीतला वाक्प्रचार आहे. माणसाचा संयम सुटला, सहनशक्ती संपली, की असं म्हणतात. बँड जॉर्जियातल्या अथेन्स गावचा, त्यांच्या तोंडी तो सहज आला. गाणं एकतर्फी ओढीचं आहे. उद्या कुणी आपल्या ‘डोक्याला ताप’वर वैद्यकीय लेख लिहिला तर तुला कसं वाटेल? तुला फसवलं ते व्हिडिओने, आणि त्यात तुझी एकटीची चूक नाही. १९९१ चा तो व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगने केला आणि त्यात धार्मिक चित्रांसारखी दृश्यं आहेत. व्हिडिओ सुंदरच आहे. पण तू डोळ्यांनी पाहिलेलं कानाच्या नावावर खपवलंस. पहिल्या चार वेळा पडदा बंद. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

त्या गाण्यात ऐकण्यासारखं काय? मेंडोलिन. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. स्वर लगेच विझतो, म्हणून तो पुन्हापुन्हा छेडावा लागतो. बँडचा गिटारवादक पीटर बक तेव्हा ते वाद्य नुकतंच शिकत होता. नेहमीसारखं फुटून वर येणारं ध्रुवपद या गाण्यात नाही, त्यामुळे बोलायचं राहून गेलेलं माणसाच्या मनात घोळत राहावं तसं ते साडेचार मिनिटं घोळत राहतं. बघ, ‘मनात घोळत राहतं’ हे मीही लिहिलंच. पण कशामुळे, ते आधी सांगितलं.

माहिती कधी काढायची, हा तुझा आणखी एक प्रश्न. चौथ्या ऐकण्यानंतर, आणि मग कसून. द क्रॅनबेरीज या बँडचं ‘झॉम्बी’ घे. २० मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या बाजारपेठेत आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले बॉम्ब फुटले. तीन आणि बारा वर्षांची दोन मुलं गेली. आयर्लंडच्या लिमरिकजवळची, या बँडची गायिका डोलोरेस ओ’रिऑर्डन त्यावर हे गाणं लिहिते. गाण्यात १९१६ येतं, ते ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या डब्लिनच्या ईस्टर उठावाचं साल. एवढं ठाऊक नसेल तर ‘हिंसेविरुद्धचा आक्रोश’ याच्या पुढे तू जाणारच नाहीस. पण एवढं सांगून थांबलीस तरी ती बातमीच झाली. तिचा आवाज छातीतून वर डोक्यात जाताना मधेच तुटतो, मुद्दाम तुटतो. तो कुठल्या अक्षरावर तुटतो ते लिही. मला सेकंद हवा आहे, तारीख नंतर.

आणखी एक ठेच लागते ती आवृत्तीची. एकाच गाण्याच्या पाच प्रती असतात: अल्बमची, रेडिओसाठी कापलेली, लाइव्ह, रीमास्टर (जुनंच ध्वनिमुद्रण नव्याने उजळलेलं), आणि रील्सवरची संथ करून घुमवलेली. ‘क्रीप’ची खुद्द रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्क याने २०२१ मध्ये काढलेली संथ प्रत सुमारे नऊ मिनिटांची आहे. तिच्यावर माझा ५८ वा सेकंद शोधत बसशील तर मला शिव्या देशील. लेखाच्या वर आवृत्ती आणि साल लिहीत जा. रीमास्टरचा आवाज बहुतेकदा चढवलेला असतो. निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमच्या २०११ च्या प्रतीत तो मूळपेक्षा बराच मोठा आहे. किंचित मोठा आवाज आपल्या कानाला नेहमीच ‘जास्त चांगला’ वाटतो. शिवाय मोठ्या-लहानातलं अंतर मिटलं की कडव्यातली ती माघार तुला जाणवतच नाही. दोन प्रती तोलायच्या तर ॲपमधलं आवाज समान ठेवणारं सेटिंग चालू कर, मगच मत दे.

मी गाण्याचा पंचनामा करतो, असं लोक म्हणतात. तूही पत्रात आडून तेच म्हटलंयस: ‘इतकं मोजलं तर भावना मरणार नाही का?’ नाही मरत. माझ्या जुन्या वह्यांत विशेषणांचे ढीग आहेत. ‘अप्रतिम’, ‘भेदक’, ‘रात्रीचं गाणं’. त्यातली कित्येक गाणी आज ऐकतो तेव्हा मला तेव्हा काय झालं होतं ते कळायला मार्ग नाही, कारण मी तेव्हा सेकंद लिहिला नाही. ती भावना मोजून मेली नाही, न मोजल्यामुळे हरवली. याची खंत मला इतकी आहे की तुझ्यावर जरा जास्त ओरडतोय. ओरडू दे. शेजारच्या गवयाला कोमल धैवत कुठे लागला हे आपण रात्रभर सांगतो आणि त्याला कुणी पंचनामा म्हणत नाही. मग गिटार वाजली की आपण एकदम मुके आणि हळवे का होतो?

आणि हो, इथे राग शोधायला जाऊ नकोस. ‘यात थोडा भैरवीचा भास’ हे वाक्य मी खोडलंय. आपल्याकडे स्वर बदलला की भाव बदलतो. इथे बऱ्याचदा गायक स्वर धरूनच ठेवतो आणि खालची कॉर्ड बदलून त्याच स्वराला दुसरा अर्थ देते. ठेका, आवर्तन, कोमल-शुद्ध हे शब्द खुशाल वापर, ते तुझे आहेत आणि मोजायला नेमके आहेत. रागाचं नाव मात्र दागिन्यासारखं अडकवू नकोस.

तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून या गाण्यांवर लिहायचा हक्क नाही, असं तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. ते वाचून मला वाईट वाटलं. तीन वेळा शब्दांशिवाय ऐक म्हणतोय ते यासाठीही. त्या तीन वेळांत तू आणि ऑक्सफर्डचा मुलगा एकाच पायरीवर आहात. चौथ्या वेळी तो पुढे जाईल, तू शब्दकोश आणि वाक्प्रचार बघून दोन दिवसांनी पोचशील. दोन दिवस काही फार नाहीत.

‘क्रीप’चा लेख पुन्हा लिही. सहाशे शब्द पुरेत. पहिल्या परिच्छेदात ५७ ते ६२ एवढेच सेकंद असू देत. ‘मन’, ‘काळीज’ आणि ‘एकटेपणा’ हे शब्द तिसऱ्या परिच्छेदाच्या आधी आले तर लेख वाचणार नाही, तसाच परत पाठवेन. आणि बेस त्या पाच सेकंदांत काय करतो ते समासात पेन्सिलने लिही. ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

तुझा,
काका