महागडे खासगी लिबरल आर्ट्स कॉलेज खर्चाच्या मानाने योग्य ठरते का?

अमेरिकेतील खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजवर (एखाद्या व्यवसायाऐवजी साहित्य, समाजशास्त्रे, विज्ञान असे व्यापक पदवी शिक्षण देणाऱ्या लहान कॉलेजवर) एवढा पैसा खर्च करावा का, हे जाहीर शुल्कावरून ठरवू नये. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, पोमोना या नामवंत कॉलेजांचा वार्षिक खर्च 80,000 डॉलरच्या वर गेला असला, तरी त्यांच्याकडील प्रचंड निधीतून मिळणाऱ्या मदतीमुळे मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला ही कॉलेजे कधीकधी सरकारी विद्यापीठापेक्षाही स्वस्त पडतात. विल्यम्सने तर 2022 पासून आर्थिक मदतीतून कर्ज पूर्णपणे वगळले आहे, म्हणजे ती मदत परत फेडावी लागत नाही. म्हणून आधी कॉलेजच्या संकेतस्थळावरील निव्वळ खर्चाच्या गणकात (मदत वजा जाता किती भरावे लागेल याचा अंदाज देणाऱ्या साधनात) स्वतःच्या उत्पन्नाचे आकडे भरून पाहावेत.

खरा धोका निधी तुटपुंजा असलेल्या, फारशा नावाजलेल्या नसलेल्या कॉलेजांत आहे, कारण तेथे ‘शिष्यवृत्ती’ या भारदस्त नावाने सवलत मिळूनही उरलेली रक्कम मोठीच असते. पालकांवर अवलंबून असलेल्या पदवी विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर मिळणाऱ्या सरकारी कर्जाची एकूण मर्यादा साधारणपणे 31,000 डॉलर आहे, आणि ती ओलांडून खासगी कर्ज काढावे लागत असेल, तर माझ्या मते तो प्रवेश नाकारावा.

लहान वर्ग आणि स्वतः शिकवणारे प्राध्यापक यांचा लाभ पुढे संशोधनाकडे वळणाऱ्यांना विशेष होतो. अभियांत्रिकी किंवा नर्सिंग हवे असल्यास मात्र बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत ते विषयच नसतात. स्मिथ आणि स्वार्थमोर येथील अभियांत्रिकी हे काही अपवाद.