कॅमेऱ्यात दडवलेल्या सोयी आपण उघडल्या तर कंपनी काय करते?

भाऊ, तुम्ही विचारलंय की बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून कॅमेऱ्यातल्या बंद सोयी सुरू केल्या तर कंपनी केस करेल का. तुमच्या-माझ्यासारख्या एकट्या वापरणाऱ्याच्या मागे सहसा कोणी लागत नाही.

माझा रावेरला फोटो स्टुडिओ आहे. जुन्या कॅनन पॉवरशॉट कॅमेऱ्यावर सीएचडीके हे बाहेरच्या लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर टाकून मी केळीची निसवण टिपली होती, दर दहा मिनिटांनी एक फोटो. मूळ मेनूत ही सोय नव्हतीच. सीएचडीके कार्डावरून चालतं. कार्ड काढलं की कॅमेरा पहिल्यासारखा.

कॅननचंच आणखी एक उदाहरण सांगतो. २००३ साली आलेल्या ३००डीमध्ये महागड्या १०डीसारखाच ६३ लाख पिक्सेलचा सेन्सर होता, पण बऱ्याच सोयी बंद होत्या. लोकांनी फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून आयएसओ ३२०० (कमी उजेडात फोटो काढण्यासाठी), मिरर लॉकअप (फोटोआधी आरसा उचलून धरणं, म्हणजे कॅमेरा हलत नाही) आणि फ्लॅशचा प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय उघडली. २००५ च्या ३५०डीमध्ये यातल्या शेवटच्या दोन कंपनीनेच दिल्या. राउटर बनवणाऱ्या लिंकसिसनेही असंच केलं: आधी आपल्या राउटरमधून लिनक्स (कोणालाही बदलता येणारी मोफत सिस्टीम) काढलं, आणि मग लिनक्सवाल्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळं मॉडेलच विकायला ठेवलं.

सोनीचं मात्र मला आजही पटत नाही. प्लेस्टेशन ३ या गेमच्या मशीनवर लिनक्स टाकण्याची सोय कंपनीनेच दिली होती. ती १ एप्रिल २०१०च्या अपडेटने काढून घेतली. अपडेट नको म्हणणाऱ्याला ऑनलाइन खेळता येईना. पैसे मोजून घेतलेली वस्तू घरात आल्यावर तिचा एक भाग परत नेणं, ही माझ्या लेखी फसवणूक आहे. पुढे जॉर्ज हॉट्झ या हॅकरने त्या मशीनचं कुलूप उघडून किल्ली जाहीर केली, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये सोनीने खटला भरला. एप्रिलपर्यंत तडजोड झाली. सोनीची कमाई गेमवर होती, नकली गेम चालण्याची भीती होती, म्हणून ती एवढी चवताळली. कॅमेरा एकदा विकला की कंपनीचे पैसे वसूल झालेले असतात.

तुम्हाला खरी अडचण येईल ती वॉरंटीची. माझ्या एका फोनचा चार्जिंगचा पोर्ट गेला, तर बूटलोडर (फोन सुरू करणारं, कंपनीने कुलूपबंद केलेलं सॉफ्टवेअर) उघडलाय म्हणून सर्व्हिस सेंटरने तो हातातही घेतला नाही. पोर्टचा आणि बूटलोडरचा काय संबंध? पण पैसे मलाच भरावे लागले. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

कॅमेऱ्याचं मॉडेल आणि फर्मवेअरचा आकडा कळवा. सीएचडीकेची फाईल त्या आकड्याशी तंतोतंत जुळावी लागते.