सूड, तलवार आणि समाजमंदिरासमोरचा पडदा

‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या फ्रेंच कादंबरीवरच्या चित्रपटांविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्याच उत्तरात शेवट फोडला आहे, तेव्हा चित्रपट अजून पाहायचा असेल त्यांनी ते सोडून पुढं जावं.

२००२चा इंग्रजी चित्रपट आवडला म्हणून कादंबरी हाती घेतली, तर तलवारबाजी सापडेना आणि शेवटही भलताच. असं कसं? — एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

कादंबरीत तलवार नावापुरतीच आहे. अलेक्झांडर ड्यूमांनी कादंबरी ओग्युस्त माके या सहकाऱ्याच्या मदतीनं लिहिली आणि १८४४ ते १८४६ या काळात ती वर्तमानपत्रातून क्रमशः आली. एकूण ११७ प्रकरणं. खोट्या आरोपावरून तुरुंगात डांबलेला खलाशी एडमंड निसटतो, खजिना मिळवतो आणि काउंट बनून दांग्लार, व्हिलफोर, फर्नांड अशा वैऱ्यांना गाठतो. त्यातला सूड पैसा, कागदपत्रं आणि पेरलेल्या बातम्या यांच्या जोरावर घेतला जातो. दांग्लारची पेढी बुडते, व्हिलफोरच्या घरात विषप्रयोग सुरू होतात. फर्नांडचं पितळ भर सभागृहात उघडं पडतं आणि तो स्वतःवर गोळी झाडतो. फर्नांडचा मुलगा अल्बर्ट याच्याशी ठरलेलं द्वंद्व पिस्तुलांचं, तेही मोडतं.

दिग्दर्शक केव्हिन रेनॉल्ड्स यांच्या हाताशी होती १३१ मिनिटं. त्यात चार शत्रूंचे चार हिशेब मांडले असते तर एकही धड चुकता झाला नसता. म्हणून फर्नांडला एडमंडचा जिवलग मित्र केलं. कादंबरीत तो एडमंडची वाग्दत्त वधू मर्सिडीज हिच्या नात्यातला कोळी आहे, एडमंडचा मित्र कधीच नव्हता. मित्र केल्यामुळे दगा एकदम काळजाला लागतो आणि शेवटी समोरासमोर झुंज लावता येते. तुरुंगात एडमंडला शिकवणारा म्हातारा कैदी फारिया, त्यालाही पूर्वीचा सैनिक करून टाकलं, म्हणजे कोठडीतच तलवारीचे धडे सुरू. गळत्या पाण्याच्या धारेखालून हात न भिजवता काढायचा सराव आठवत असेल. तो चित्रपटवाल्यांचा, ड्यूमांचा नव्हे. मेजवानीत फुग्यातून उतरणारा काउंटही त्यांचाच.

हे सगळं आम्हाला मान्य आहे. मान्य नाही ते अल्बर्टला एडमंडचाच मुलगा ठरवणं. कादंबरीत व्हिलफोरचा लहानगा मुलगा मरतो तेव्हा काउंट हादरतो, आपण कोण असा न्याय करणारे, असा प्रश्न त्याला पडतो. चित्रपटात नायकाला बायको, मुलगा, संपत्ती सगळंच परत मिळतं. मग शंका यायला जागा कुठली? हायदी ही महत्त्वाची तरुणीही गाळली आहे. कादंबरीत फर्नांडविरुद्ध साक्ष तीच देते आणि शेवटी काउंट तिच्याबरोबरच निघून जातो.

आधी चित्रपट, मग कादंबरी हाच क्रम बरा. उलट केलंत तर दर पाच मिनिटांनी ‘हे असं नव्हतं’ म्हणत बसाल. कादंबरीत ३१व्या प्रकरणापासून नवीच माणसं येतात आणि कथा रोमकडे वळते. नायक वेगळ्या नावानं वावरत असतो, म्हणून बरेच वाचक तिथंच पुस्तक मिटतात. चाळिसाव्याच्या सुमारास पॅरिस येतं, तोवर धीर धरा.

झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसणारी माणसं आम्ही. तरी २०२४चा फ्रेंच चित्रपट लांब वाटेल का? — एक नाट्यरसिक, वडसा (जि. गडचिरोली)

१७८ मिनिटं तुम्हाला काय जड? मात्र जातीचा फरक आहे. २००२चा चित्रपट धावतो, हा दबा धरून बसतो. पिएर निने यांचा काउंट मुखवटे चढवून, वेषांतर करून एकेकाला जाळ्यात ओढतो, आणि मधला तासभर त्या जुळवाजुळवीचाच आहे. संवाद फ्रेंच, म्हणून तळाच्या ओळी (सबटायटल्स) वाचाव्या लागतात. घरात वाचणारे आणि न वाचणारे असे दोन्ही असतील तर २००२चा लावा. एकट्यानं, सलग बसून पाहायचा असेल तर २०२४चा. आमचं झुकतं माप यालाच.

तलवारीची झुंज चांगली की वाईट, हे कसं ओळखायचं? — दहावीचा विद्यार्थी, दारव्हा (जि. यवतमाळ)

पात्याकडे पाहू नका, पायांकडे पाहा. पडद्यावरचा वार मुद्दाम अंगाच्या थोडा बाजूला मारलेला असतो. तो खरा वाटतो समोरच्याच्या मागं सरकण्यामुळे. पाय उशिरा हलले की नाटक उघडं पडतं. दुसरी खूण कॅमेऱ्याची. दोन-दोन सेकंदांना दृश्य तुटत असेल आणि पूर्ण माणूस एकदाही दिसत नसेल, तर नटाला येत नाही ते कात्री झाकते आहे असं समजा. २००२च्या चित्रपटातल्या झुंजी विल्यम हॉब्ज या नामांकित जाणकारानं बसवल्या आहेत. जिम कॅव्हिझेल (एडमंड) आणि गाय पियर्स (फर्नांड) यांची शेवटची झुंज दुसऱ्यांदा पाहताना आवाज बंद करून फक्त पावलं बघा.

वाचनालयातर्फे समाजमंदिरासमोर २००२चा चित्रपट दाखवायचा आहे. पोट्टे म्हणतात मोबाईलवरून लावू. काय लागेल? — ग्रामवाचनालय, पुसद तालुका

आधी परवानगी. ओटीटीची वर्गणी किंवा विकत घेतलेली डिस्क घरच्यापुरती असते. गावाला दाखवायचं तर वितरकाची लेखी संमती घ्या, तिकीट नसलं तरी.

दिवस दिवाळीनंतरचे धरा. पावसाळ्यात उजेडावर किडे येतात, भिंगावर बसलेला किडा पडद्यावर कोंबडीएवढा दिसतो. पडदा दहा फूट रुंद पुरे. पांढरं मांजरपाट दुहेरी शिवा, मागून काळं कापड लावा, नाहीतर प्रकाश आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. खालच्या नेफ्यात पाईप घाला म्हणजे वाऱ्यानं फडफडणार नाही. खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी. तळाच्या ओळी पुढच्यांच्या डोक्यांआड गेल्या की मागचे उठून जातात.

प्रोजेक्टर २५०० ते ३००० एएनएसआय ल्युमेनचा (उजेड मोजायचं प्रमाणित माप) भाड्यानं घ्या. खोक्यावर नुसतं ‘९००० ल्युमेन’ छापलेल्या स्वस्त यंत्रावर जाऊ नका, तो आकडा या मापाचा नसतो. थ्रो रेशो, म्हणजे यंत्राचं पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर दहा फुटी चित्रासाठी यंत्र पंधरा फुटांवर ठेवावं लागतं.

विजेचा हिशेब असा. प्रोजेक्टर ३०० वॅट आणि स्पीकर २०० वॅट, म्हणजे ५००. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची काळजी धरली तर हाती साधारण हजारच उरतात, म्हणजे दोन तास. चित्रपट दोन तास अकरा मिनिटांचा. वीज सुरुवातीलाच गेली तर ऐन झुंजीत अंधार होईल. दोन बॅटऱ्या ठेवा किंवा जनरेटर. दिव्याचा प्रोजेक्टर अचानक बंद पडला तर पंखा थांबतो आणि तापलेला दिवा उडू शकतो, म्हणून मध्ये यूपीएस हवाच.

मोबाईल नको, लॅपटॉप घ्या. ब्लूटूथवर आवाज मागं राहतो; तलवार भिडून गेल्यावर खणखणाट ऐकू येतो. वायर जोडा. संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत कर्कश येत असेल तर आवाज ५.१ वर (सहा स्पीकरांसाठीच्या मांडणीवर) आहे, तो स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) करा. स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा, लोकांच्या मागं नको.

तळाच्या ओळींची वेगळी फाईल असेल तर तिचं नाव चित्रपटाच्या फाईलचंच ठेवा. देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर ती फाईल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये सेव्ह करा. ओळी सुरुवातीपासून सारख्याच अंतरानं मागंपुढं असतील तर व्हीएलसी या चित्रपट लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जी आणि एच या कळांनी जुळतात. पण अंतर वाढतच गेलं तर फाईल वेगळ्या फ्रेमगतीची (सेकंदाला किती चित्रं, त्या वेगाची) आहे. २५ आणि २३.९७६ यांच्या घोळात शेवटापर्यंत पाचेक मिनिटांचा फरक पडतो. तिथं कळा दाबत बसू नका, दुसरी फाईल आणा. हे सगळं आदल्या रात्री त्याच जागी, त्याच यंत्रावर तपासा, आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांवर न थांबता शेवटचीही दहा मिनिटं लावून पाहा.

कोठडीतला फारिया गोव्याचा होता म्हणे. खरं का? — एक शिक्षिका, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

नाव गोव्याचं, पात्र नाही. जुझे कुस्तोदियु द फारिया हे धर्मगुरू १७५६ मध्ये गोव्यातल्या कांदोळी इथं जन्मले आणि १८१९ मध्ये पॅरिसमध्ये वारले. संमोहनाच्या अभ्यासात त्यांचं नाव मोठं आहे. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, एका स्त्रीला संमोहित करतानाचा. ड्यूमांनी नाव घेतलं, पण पात्र मात्र इटालियन विद्वान केलं. पडद्यावर २००२ मध्ये रिचर्ड हॅरिस यांनी ते रंगवलं. खजिन्याचा पत्ता सांगणारा म्हातारा ते नुसता ठेवत नाहीत. मध्येच चिडतात, मध्येच मिश्कील होतात. वर्गात एकच तुकडा दाखवायचा असेल तर तुरुंगातल्या शिकवणीचा दाखवा. वाचन आणि गणित दोन्ही त्यात आहे. त्याआधीचं चाबकाचं दृश्य मात्र पाचवीच्या खालच्या मुलांना नको.