हरिश्चंद्रगड : वाचकांचे प्रश्न

पहिल्यांदाच जातोय. नळीच्या वाटेचे व्हिडिओ पाहिलेत. तिनेच चढलो तर?

नको. नळीची वाट म्हणजे बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या (गडाच्या पश्चिमेचा उभा कडा) अंगाने वर येणारी घळ. तिथे घसारा आहे, कातळटप्पे आहेत, आणि वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. पहिल्या खेपेला पाचनईहून चढा, ती वाट सर्वांत सोपी. जंगल आणि चढ दोन्ही हवं असेल, तर खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे या. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, तिथे पाच मिनिटं टेका. खरी दमछाक त्याच्यापुढे.

तीनदा गेलो, इंद्रवज्र एकदाही दिसलं नाही. ते खरंच दिसतं का?

दिसतं. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे पाहिलेल्या इंद्रवज्राचं वर्णन 1835मध्ये छापून आलं. कोकणातून वर आलेलं धुकं कोकणकड्याशी थांबलं होतं, माथ्यावर सरकलं नव्हतं. पाठीशी अगदी खाली असलेला सूर्य, समोर पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध त्याची, त्याच्या घोड्याची, बरोबरच्या माणसांची सावली. सगळी मेख या वर्णनातच आहे. कडा पश्चिमेकडे उघडा, म्हणजे सूर्य पाठीशी हवा तर सकाळच हवी. दरीत धुकं हवं आणि डोक्यावर आभाळ मोकळं. तुम्ही दुपारी बाराला कड्यावर पोहोचत असाल, तर तिसाव्या खेपेलाही दिसायचं नाही. मुक्काम करा, उजाडल्यावर कड्यावर जा. आणि दरीत डोकवायचं ते पालथं पडूनच. कडा आत वळलेला आहे, पायाखाली काय आहे ते उभ्याने कळत नाही. खालून वारा असा उसळतो की हातातून सुटलेली टोपी कधीकधी परत वर येते. (प्लास्टिकची बाटली टाकून हा प्रयोग करणारे महाभाग पाहिलेत. त्यांना काय म्हणावं!)

केदारेश्वराच्या गुहेतला उरलेला एक खांब पडला की जग बुडेल, असं सांगतात. छत तरी पडेल का?

चार खांब म्हणजे चार युगं, तीन मोडली, ही ऐकीव गोष्ट. गुहा मात्र अख्ख्या कातळात कोरलेली. छत डोंगराचंच, बाजूच्या कातळावर तोललेलं. तीन खांब गेले तरी ते जागेवर आहे, हे तुम्हीच पाहिलंत. पिंडीभोवतीच्या कमरेएवढ्या पाण्यात उतरणार असाल तर साबण, शाम्पू पिशवीतच राहू दे.

दर सप्टेंबरात जातो, कारवी फुललेली दिसत नाही. तोडली का?

तोडलेली नाही, तिची वेळ आलेली नाही. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. अख्खा उतार जांभळा होतो, बी धरतं आणि झुडपं वाळून जातात. शेजारच्या डोंगराचं साल वेगळं असू शकतं. तोवर सप्टेंबरात पठारावरची पिवळी सोनकी बघा. आणि परतताना पाचनईत जुनं घर दिसलं तर भिंत निरखून पाहा : शेणमातीने लिंपलेल्या कुडाचा पोपडा निघाला असेल, तर आत कारवीच्याच काठ्या दिसतील.